वरातीसाठी मागितलेली गाडी

माझ्याकडे दोनच माणसं बसतील अशी एक लाल स्पोर्ट्स कार आहे, आणि ती घेतल्यापासून माणसांबद्दलचं माझं मत खाली खालीच येत गेलं आहे.

कोइमतूरच्या एका गिरणीमालकाकडून मी ती जुनी म्हणून घेतली. लहानपणापासूनची हौस होती, दुसरं काही कारण नव्हतं. पण तंजावुरात ती उभी केली की जो येतो तो दोनच गोष्टी विचारतो. किंमत काय, आणि लिटरला किती जाते? डॉक्टर हेच विचारतो, बँकेतला साहेब हेच विचारतो, आणि लग्न लावायला आलेला भटजीही मंत्रांच्या मध्ये सवड काढून हेच विचारतो. एकानं तर आपलं पोर बुटांसकट बॉनेटवर बसवलं आणि फोटो काढत मलाच म्हणाला, "सार, जरा बाजूला होता का?" बुटाच्या बकलाचा ओरखडा अजून आहे. विड्याची पिंक चाकावर पडलेली तर कितीदा धुतली त्याला गणती नाही.

रस्त्यांचं विचारू नका. भाताच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेला असतो. त्याचं मला काही नाही, शेतकरी बिचारा जाणार कुठं? पण प्रत्येक गावच्या पुढाऱ्यानं आपल्या दारापुढं एक रंग न दिलेला स्पीडब्रेकर घालून घेतला आहे. मी गाडी तिरकी चढवतो, तरी तिचं पोट घासतंच, आणि तो आवाज माझ्या दातांत जातो.

आमचा धंदा मंडप, खुर्च्या आणि मोठी भांडी भाड्यानं देण्याचा. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत वडिलांनी दुकान काढलं. पाटी तमिळमध्ये, बोलणं घरात मराठी, दुकानात तमिळ. आईनं हट्टानं बाळबोध अक्षरं शिकवली म्हणून मी हे लिहू तरी शकतो. माझ्या मुलांना वाचता येणार नाही. वडील गेल्यावर बायकोचा धाकटा भाऊ भागीदार म्हणून आला. हुशार माणूस. गारपेट्यांची कल्पना त्याचीच.

गारपेटी म्हणजे वर काच असलेली, विजेवर चालणारी थंड पेटी. आमच्याकडे घरात माणूस गेलं आणि मुलगा सिंगापूरला असला, की तो येईपर्यंत देह त्यात ठेवतात. पहिल्यांदा मला ते कसंसंच वाटलं. मग वाटलं, लग्नाला भांडी देतो तशी मरणालाही काही सोय दिली तर बिघडलं काय? लोक हात जोडून पेटी परत करायचे. त्यात घाण काही नव्हतं.

घाण कोरोनात आली. पहिल्या वर्षी लग्नं बंद झाली, खुर्च्यांवर धूळ बसली, गाडी गोदामात चटयांच्या गठ्ठ्यांमागे उभी राहिली. तेवढं सोसलं. दुसऱ्या वर्षी माणसं पटापट जाऊ लागली आणि मेव्हण्याचा फोन वाजायचा थांबेना. एके दुपारी त्यानं पेटीचं भाडं दुप्पट केल्याचं मला सांगितलं.

"कशाला?" मी विचारलं.

"सीझन आहे, भावोजी."

आंब्याचा सीझन, लग्नाचा सीझन, तसा हा. मी जेवायला बसलो होतो. पानावरून उठलो. भाडं पूर्वीचंच राहील असं मी त्याला बजावलं, तो "बरं" म्हणाला आणि माझ्या माघारी त्याला हवं तेच करत राहिला. हे मला पुढं कळलं.

त्याच मे महिन्यात ओरत्तनाडूच्या बाजूच्या एका तांदूळ गिरणीवाल्यानं माझी गाडी मागितली. आमच्यातलेच, मराठी बोलणारे, शेतीवाडीवाले लोक. मुलीचं लग्न घरच्या अंगणात, सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या माणसांत. नवरा मुलगा चेन्नईचा, कॉम्प्युटरवाला. त्याला लाल गाडीतून यायचं होतं. मी नाही म्हटलं. मेव्हणा म्हणाला, मोठं गिऱ्हाईक आहे. बायको म्हणाली, "जा हो. त्या पोरीला आई नाही. एक दिवस मिरवू दे त्यांना." मग मी अट घातली की गाडी दुसरं कोणी चालवणार नाही, नवऱ्यानं माझ्या शेजारी बसावं आणि दारात उतरावं.

नवरा मुलाला ओरत्तनाडूच्या एका घरातून घेतलं. मास्क हनुवटीखाली. वाटेत तो सारखा फोन समोर धरून स्वतःशीच हसत होता. एकदा म्हणाला, "अंकल, जरा इंजिन रेझ करा ना, आवाज रेकॉर्ड होऊ दे." शेजारून रुग्णवाहिका गेली तेव्हा मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं आणि "छे, सायरन आला मध्येच" म्हणाला.

दारात मंडप आमचाच होता. स्वागताला चंदन, कुंकू, खडीसाखर, आणि चांदीच्या गुलाबदाणीत गुलाबपाण्याच्या जागी सॅनिटायझर. बायकांनी साडीच्या काठाचेच रेशमी मास्क शिवून घेतले होते आणि पानसुपारीसाठी ते गळ्यात उतरवले होते. मोजकी माणसं म्हणे! अंगण भरून मागच्या गोठ्यापर्यंत लोक होते. पोलिसांची जीप येतेय असा निरोप आला की अर्धे लोक गोठ्यात जाऊन उभे राहत, जीप गेली की हसत बाहेर येत. माझ्या गाडीला तिघे टेकून उभे राहिलेले पाहून मी ती घराला वळसा घालून मागे, भाताच्या गोदामाच्या सावलीत नेली.

तिथं आमच्या दुकानाचा टेम्पो उभा होता. त्यावर ताडपत्री टाकलेली.

मंडपाचं सामान तर आदल्या दिवशीच उतरलं होतं. मग टेम्पो कशाला? इंजिन बंद केल्यावर गोदामातून घरघर ऐकू आली. गारपेटीची मोटर मी झोपेतही ओळखीन. दार लोटलेलं होतं. आत पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आमची पेटी लावलेली, आणि काचेखाली एक म्हातारी बाई. नाकात कापूस. कपाळ कोरं, अंगावर घरचीच विटकी साडी. फूल म्हणून एक नव्हतं.

टेम्पोवाला आमचा जुना माणूस. तो मागून येऊन हळूच म्हणाला, "धाकट्या मालकांनी सकाळी फोन करून पेटी आणायला सांगितलं. कोणाला बोलू नको म्हणाले."

गिरणीतल्या हमालांकडून कळलेलं सगळं त्यानं मला सांगितलं. ती गिरणीवाल्याची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, आणि आई मेलेल्या या नवरीला तिनंच वाढवलेलं. लग्नाआधी तिला ताप आला. तपासणी केली नाही, कारण काही निघालं असतं तर सरकारी माणसांनी दारावर पत्रे ठोकले असते आणि लग्न राहिलं असतं. म्हणून तिला गोदामाच्या खोलीत ठेवलं. नवरीला सांगितलं, आत्याला तंजावूरच्या दवाखान्यात नेलंय. सकाळी ती तिथंच संपली. दुपारी लग्न उरकलं की रीतसर रडायचं ठरलं होतं.

मी गिरणीवाल्याला मागच्या अंगणात बोलावून घेतलं. जरीचं उपरणं सावरत तो आला, आणि माझा चेहरा पाहूनच त्याला समजलं.

"तुम्ही आपले लोक, तुमच्यापासून काय लपवायचं," तो म्हणाला. "मुहूर्त तोंडावर आलाय. हा गेला तर आषाढ लागेपर्यंत दुसरा नाही."

"सख्खी बहीण आहे तुमची."

"लग्न करून दिलेली बहीण. गोत्र दुसरं. तसं पाहिलं तर आपल्याला सूतक फारसं नाहीच. शास्त्र्यांना विचारलंय मी." मग त्यानं माझा हात धरला. "तिलाही हे लग्न व्हायलाच हवं होतं हो. तिचीच इच्छा."

त्याच्या हाताला चंदनाचा वास होता. मी हात सोडवून घेतला आणि पँटला पुसला. त्यानं ते पाहिलं.

मेव्हण्याला फोन लावला. "तुला ठाऊक होतं?"

"भावोजी, गिऱ्हाईक पेटीचं काय करतं ते आपण विचारायचं असतं का?"

"आणि मला त्याच घरी नवरा मुलगा घेऊन पाठवलंस?"

"एकाच घरच्या दोन ऑर्डरी आल्या. मी काय करू?"

मला खरोखर उलटी येईलसं वाटलं. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. तिथंच, न्हाणीघराच्या खिडकीतून नवरी बोलली. तिला गौरीहर पुजायला बसवायची वेळ झाली होती. बायका बाहेर ओरडत होत्या आणि ती आत कडी लावून उभी होती.

"मामा, ती गाडी तुमची ना? त्यात एकच जागा असते म्हणे शेजारी." ती आमचं जुनं मराठी बोलत होती, तमिळच्या हेलात, 'सगळं'ला 'अस्कं' म्हणणारं. "अस्कं झाल्यावर मला तंजावूरला नेता का? दवाखान्यात आत सोडत नाहीत, मला ठाऊक आहे. फाटकापाशी उभी राहते. आत्यानं वरच्या खिडकीतून साडी बघितली की पुरे. तिनंच निवडलीय."

मी खरं बोललो नसतो तर ती अर्ध्या तासात बोहल्यावर उभी राहिली असती. पण त्या पोरीला "हो, नेतो" म्हणायला माझी जीभ वळेना, आणि "नाही" म्हणायला कारण एकच होतं.

"पोरी, आत्या दवाखान्यात नाही," मी म्हणालो. "ती इथं गोदामात आहे. सकाळी गेली."

कडी काढल्याचा आवाज आला, मग पैंजणांचा. बायकांना बाजूला सारून, मुंडावळ्यांसकट ती मागच्या दारानं आली आणि गोदामात शिरली. मी दारातच थांबलो. तिनं काचेवर दोन्ही हात ठेवले, वाकून नीट पाहिलं, आणि म्हणाली, "हिचं तोंड तरी पुसायचं होतं."

बाप धावत आला. मागोमाग भटजी, नवऱ्याचे काका, फोन उंच धरलेला फोटोवाला. "शिवू नकोस तिला!" बाप ओरडला. "शिवलीस तर लग्न लागायचं नाही. आपल्याला सूतक नाही, शास्त्र्यांनी सांगितलंय!"

"तुम्हाला नसेल, अप्पा," ती म्हणाली. "मला आहे. मी धरणार." आणि तिनं मुंडावळ्या सोडून पोत्यावर ठेवल्या, पेटीचं झाकण उचललं, आणि पदरानं आत्याचं तोंड पुसू लागली.

एवढ्यानं अंगण रिकामं झालं. मृत्यूला नव्हे, तापाला भिऊन. मघाशी एकमेकांच्या तोंडाशी तोंड लावून बोलणारे लोक गळ्यातले रेशमी मास्क नाकापर्यंत ओढत, चपला शोधत पळाले. नवऱ्याकडच्यांनी गुलाबदाणी उपडी करून हात धुतले. गिरणीवाला त्यांच्या मागे मागे हात जोडत फिरत होता. बहिणीकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

मी गाडीकडं गेलो तर नवरा मुलगा तिच्यात बसला होता. माझ्याच जागेवर, स्टिअरिंगला हात लावून.

"अंकल, सो सॅड," तो म्हणाला. "पण एवढ्या लांब आलोच आहोत, तर निदान गाडीबरोबर एक व्हिडिओ घेऊ? फोटोवाला निघालाय."

"उतर," मी म्हणालो.

"दोनच मिनिटं."

मी दार उघडलं आणि त्याचा दंड धरून त्याला खाली ओढला. आयुष्यात मी कोणाच्या अंगाला असा हात लावला नव्हता. त्याचं धोतर दारात अडकून फाटलं. तो शिव्या देत गेला, आणि मला बरं वाटलं.

त्या दिवशी खांदा द्यायला मी, टेम्पोवाला आणि गिरणीतले दोन हमाल होतो. बाप स्मशानापर्यंत आला, लांब उभा राहिला. पोरगी वेशीपर्यंत चालत आली, त्याच लग्नाच्या साडीत. कोणी तिला अडवलं नाही, कारण अडवायला कोणी उरलंच नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिचाच भाऊ, म्हणून मी भीत होतो. हातातलं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "वेगळं करा त्याला." गारपेट्या त्यानं नेल्या, मी अडवलं नाही. आज बसस्टँडजवळ त्याचं मोठं दुकान आहे. चांगलं चाललंय. गिरणीवाल्यानं आमच्या लोकांत सांगितलं की मी पैशाच्या वादातून भरलं लग्न मोडलं, आणि पुष्कळांनी ते मानलं. निदान चार घरचे मंडप तरी मेव्हण्याकडं गेले.

पोरगी पापनाशमला शाळेत शिकवते, भाड्याच्या घरात एकटी राहते. आत्याच्या वर्षश्राद्धाला ती दुकानात भांडी मागायला आली होती, स्कूटरवर. बाप येणार नव्हता. बायकोनं तिला न विचारता मोठं पातेलं, उलथनी, वाढायची भांडी काढून दिली, आणि स्वयंपाकाला स्वतः गेली.

गेल्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या सभेचं बोलावणं आलं. कोरोनाच्या काळात समाजाची सेवा केलेल्यांना शाल द्यायची होती. यादीत गिरणीवाला होता, आणि माझा मेव्हणाही. त्यांचा सेक्रेटरी फोनवर गोड आवाजात म्हणाला, "तुमची ती लाल गाडी हॉलच्या दारात उभी केलीत तर बरं दिसेल. प्रमुख पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला."

मी काही बोलायच्या आत बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "त्या गाडीत ओकारीचा वास येतो," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.