टाम वाइलुनच्या हक्काचा चहा

टाम वाइलुनला दोन मुलगे होते. एक सरकारी कागदोपत्री आणि एक खरा. कागदोपत्री होता तो परक्याचा, आणि खरा होता तो कागदोपत्री दुसऱ्याच माणसाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत याचं कुणाला नवल वाटत नसे. ज्याचं पोर त्याच्याच नावावर असे, त्याच्याकडे लोक जरा संशयानंच बघत.

याचं मूळ भूकंपात होतं. भूकंपामागोमाग आग लागली आणि शहरातली जन्माची दप्तरं जळून गेली. गोरे रडले. चिनी वस्तीही रडली, पण डोळे पुसून कचेरीसमोर रांगेत उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही इथंच जन्मलो. वाइलुनही म्हणाला. एवढी पोरं खरोखर इथं जन्मायची तर वस्तीतल्या मूठभर बायकांना दर आठवड्याला बाळंत व्हावं लागलं असतं. पण तो हिशेब करायला कुणाला सवड नव्हती. चिन्यांना या देशाचं दार बंद होतं, इथं जन्मलेल्याच्या मुलाला मात्र उघडं होतं. म्हणून माणूस चीनला गावी जाऊन आला की मुलगा झाल्याचं नोंदवून टाकी. झाला असो वा नसो.

वाइलुनला खरोखरच झाला. काम्चुन. त्यानं तो नोंदवला, आणि पोरगं बारा वर्षांचं झालं तेव्हा भाऊबंदांच्या बैठकीत म्हाताऱ्या लुंग आजोबांनी त्याला बाजूला घेतलं.

"वाइलुन, तुझा पोरगा अजून म्हशीमागं हिंडतोय. गावच्या त्या सिकनामचं बघ, आईबाप मेले, घरात दाणा नाही. तुझा कागद त्याला दे."

"आणि माझ्या पोराला?"

"तू काय म्हातारा झालास? गावी जा, आणखी एक नोंदव."

वाइलुननं कागद दिला. सिकनाम आला, वाइलुनच्याच लाँड्रीत कपडे धुऊ लागला. वाइलुन गावी गेला, त्याला मुलगी झाली, त्यानं रिवाजाप्रमाणे मुलगा नोंदवला. पुढं काम्चुनची आई वारली आणि काम्चुनला आणायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की लहानग्याच्या कागदावर मिसरूड फुटलेला पोरगा बसत नाही.

बसेल असा कागद मिळाला चाउ बिंगयिउकडे. चाउचं मटणाचं दुकान, काचेमागं भाजलेली बदकं टांगलेली. त्याचा मुलगा होइतिन गावी तापानं गेला होता. पण ती बातमी समुद्र ओलांडून सरकारपर्यंत पोचली नव्हती. कागदावर होइतिन दर वर्षी एका वर्षानं मोठा होत होता. काम्चुन होइतिन होऊन बोटीत बसला.

खाडीतल्या बेटावर त्याला उतरवलं. गोऱ्यांनी त्या बेटाला देवदूताचं नाव दिलं होतं आणि भोवती काटेरी तार घातली होती. कोंडलेली माणसं लाकडी भिंतींवर कविता कोरत. सरकार वरून रंग फासे. नवी माणसं त्याच रंगावर नव्या कविता कोरत. कवींना सरकारी खर्चानं कोरी भिंत मिळण्याचं दुसरं उदाहरण निदान वाइलुनच्या ऐकण्यात नव्हतं. चौकशीच्या खोलीत विचारत: घरातून विहीर दिसते का? उखळ कुठल्या कोपऱ्यात? शेजारीण लंगडते ती कुठल्या पायानं? दुसऱ्या दिवशी हेच चाउला विचारत. उत्तरं जुळली नाहीत की परतीची बोट. कधी न पाहिलेल्या घराचं उखळ काम्चुननं बरोबर कोपऱ्यात ठेवलं. स्वतःच्या घराबद्दल त्याला कुणी काही विचारलंच नाही.

तो सुटला. चाउच्या गल्ल्यावर बसू लागला, चाउला बाबा आणि वाइलुनला टाम काका म्हणू लागला. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही. वाइलुनला आधी याचा अभिमान वाटला, मग तो हळूहळू कमी झाला.

मग स्टॉकटनच्या फोंग किराणावाल्यांकडून सोयरीक आली. मुलगी रूबी, खरोखरच इथं जन्मलेली. काम्चुन लाँड्रीत आमंत्रण घेऊन आला.

"काका, लग्नाला यायचं."

"दार लावलंय. इथं कुणी नाही."

"सवय बिघडते, काका."

वाइलुननं इस्त्री बाजूला ठेवली. "पहिला चहा कुणाला देणार?"

नवरानवरी गुडघे टेकून आधी बापाला चहा देतात. बाप प्यायला की सून घरची झाली.

"कुणाला म्हणजे? बाबांना."

"आणि मला?"

"रूबीला ठाऊक नाही."

"बायकोपासून लपवलंस?"

"तिचा भाऊ दोन पेले पोटात गेले की रस्त्यात गातो. सरकारला निनावी पत्र लिहायला टपलेली माणसं वस्तीत कमी नाहीत. मला बोटीवर घालतील, काका."

"आणि फोंगनं पोरगी दिलीय ती चाउचं दुकान बघून. माझी इस्त्री बघून दिली नसती."

"हे तुम्ही म्हणालात. मी नाही."

"कागद दिला तेव्हा मला वाटलं, पोरगा काही कागदानं होत नाही."

"या देशात होतो, काका," काम्चुन म्हणाला, आणि आमंत्रण टेबलावर ठेवून गेला.

दोन दिवसांनी खुद्द चाउ आला. हातात भाजलेलं बदक होतं.

"वाइलुनदादा, मी तुमचं नाव पुकारीन. गावचे काका म्हणून. माझ्यानंतर तुम्ही."

"पहिला घोट तू घेणार."

"घेणार." चाउनं बदक खाली ठेवलं. "माझ्या होइतिनच्या हातचा चहा मला आणखी कुठं मिळायचाय?"

वाइलुननं बदक ठेवून घेतलं. बदक चांगलं होतं.

लग्नाला हॉटेलचं दालन गच्च भरलं. नवऱ्याकडच्या सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळ्यांचे चेहरे बेटावरच्या चौकशीत असतात तसे होते. चाउनं चहा घेतला आणि तो नको तितका रडला. फोंगमंडळींना वाटलं, काय मायाळू सासरा! मग त्यानं हाक मारली, "टाम काका, या!"

वाइलुन खुर्चीत बसला. पोरानं गुडघे टेकले, सुनेनं दोन्ही हातांनी पेला दिला. "काका, चहा घ्या." वाइलुननं पेला ओठांपर्यंत नेला, आणि रूबीची आजी टाळी वाजवून म्हणाली, "अगं बाई, ह्या काकांचे कान बघा! हुबेहूब आमच्या जावयाचे!"

रूबीनं वर पाहिलं. एक कान, दुसरा कान. तिचा भाऊ हातातला पेला सांभाळत उठून पुढं आला. "अरे, खरंच की!"

काम्चुनच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो बापाकडे असा बघत होता की पुढचं उत्तर आता याचं.

"आजीबाई," वाइलुन म्हणाला, "आमच्या अख्ख्या तालुक्याचे कान असेच. म्हणून तर बेटावरचे गोरे बिचारे फोटो बघून बघून वेडे होतात."

नवऱ्याकडची माणसं जरा जास्तच मोठ्यानं हसली. आजी हटेना.

"मग तुमच्या मुलाचेही असेच असतील?"

"माझ्या मुलाचे? तो बघा, दाराजवळ. सिकनाम!"

सिकनाम बदकाची तंगडी तोंडात धरून उठला. त्याचे कान सुकवलेल्या कोळंबीएवढे होते.

"आईवर गेलाय," वाइलुन म्हणाला. या वेळी फोंगमंडळीही हसली, भाऊही हसत परत जागेवर गेला. वाइलुननं पेला तबकात ठेवला. एक घोट घेतला असता तर चेहरा ताब्यात राहिला नसता, आणि आजीबाई अजून बघत होत्या. "दात ठणकतोय, गरम चालत नाही," असं म्हणून त्यानं सुनेच्या हातात आहेराचं लाल पाकीट ठेवलं, पुढच्या मामांसाठी खुर्ची मोकळी केली आणि थेट जिना उतरला.

तो रस्त्यावर थांबला. वर जेवणाची पहिली ताटं फिरू लागली होती. जिन्यावर पावलं वाजली तसा तो वळला. सिकनाम होता.

"बाबा! टोपी विसरलात!"

कोपऱ्यावरच्या पोलिसानं मान वळवली. वाइलुननं टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि पोलिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शहाणा माझा बाळ."

इतक्या वर्षांत त्यानं त्याला प्रथमच बाळ म्हटलं होतं. सिकनामनं मागं वळून पाहिलं, जिन्यावर आणखी कोण आलंय ते.