गुबगुबीत अक्षरांचा बॅनर

आमच्या घरात वाढदिवसाच्या कार्डांपेक्षा पत्रकं जास्त. वडील क्रांती चौकात मोर्च्यांची पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्यांतली अक्षरं टोकदार, तिरपी, अंगावर धावून येणारी. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. मागणी करायची तर अक्षरालाही धार हवी, हे माझं पक्कं मत.

माझी मावशी चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं बायकांच्या संडासाला आतून कडीच नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. साहेबाकडं सगळ्यांनी मिळून जायचं, म्हणून मी सभेची पत्रकं लिहिली, धारदार अक्षरांत छापली आणि दोनदा गेटसमोर लावली. दोन्ही वेळेस वॉचमननं फाडून टाकली. सभेला मावशी, तिची मैत्रीण आणि मी.

तिसऱ्या खेपेला मावशीच मला औरंगपुऱ्यात फ्लेक्सवाल्याकडं घेऊन गेली. त्यानं स्क्रीनवर अक्षरांचे नमुने दाखवले. मावशीनं एकावर बोट ठेवलं. जाडजूड अक्षरं, सगळीकडं सारखीच जाडी, टोकं गोल घासलेली. ‘व’चं पोट तर बांगडी ठेवून काढल्यासारखं.

"मावशी, हे आईस्क्रीमच्या दुकानावरचं आहे."

"मग? आईस्क्रीम वाईट असतं व्हय?"

"अगं, आपण लढतोय!"

"लढतेय मी. तू नुसती चिडतीस. बायका दिवसभर सुपरवायझरचं खेकसणं ऐकत्यात. आता बॅनरनंबी खेकसायचं का?"

फ्लेक्सवाला खुदकन हसला. "तुमची खाला बरोबर बोलती. कलर कोणता टाकू?"

"गुलाबी," मावशी म्हणाली. मी डोळे मिटून घेतले.

बॅनरवर एवढंच होतं: ‘रविवारी चार वाजता, शाळेच्या मैदानात. सगळ्याजणी या!’ तो गेटसमोर आठवडाभर तसाच राहिला. वॉचमनला तो साड्यांच्या सेलचा वाटला होता.

हे आम्हाला कळलं रविवारी, कारण त्याची बायकोच पिशवी घेऊन मैदानात आली. मैदान आधीच कंपनीतल्या बायकांनी भरलं होतं. सतरंजी पुरेना म्हणून काहीजणी चपलांवर बसल्या होत्या.

"सेल कुठंय?" तिनं विचारलं.

"सेल नाय, बाई. तुमच्या घरी संडासाला कडी हाय का?" मावशी म्हणाली.

"हाय की."

"आमच्या कंपनीत नाय."

"अगंबाई!" म्हणत ती पिशवीची घडी घालून खाली बसली.

अक्षरांना धार हवी, हे मी अजूनही मानते. मावशीशी त्यावर अजून भांडते. पण सोमवारी साहेबाच्या केबिनबाहेर इतक्या बायका उभ्या राहिल्या की त्याला जेवायला बाहेर पडता येईना. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"बसली गं कडी! सगळ्याजणी लावून बघून आल्या. काहीजणी तर संडासला लागली नसतानाच गेल्या."