पातळ बेदाणा

पलूसजवळच्या एका छोट्या वायनरीत मी चौदा वर्षं वाइन बनवायचं काम करतोय. एवढ्या वर्षांत वाइनपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. वाइन निदान विकली तरी जाते!

सुरुवात आईपासून करतो. मी नोकरीला लागलो तेव्हा 'दारूच्या कारखान्यात' म्हणायची तिला लाज वाटायची. ती सगळ्यांना सांगायची, "पोरगं द्राक्षाच्या कंपनीत हाय." एकदा मेढ्याच्या मावशीनं खोदून विचारलं, "म्हंजे बेदाण्याच्या व्हय?"

आई जरा घुटमळली. "बेदाणाच म्हण की. जरा पातळ!"

आता तीच आमची बाटली शोकेसमध्ये ठेवते. लेबल बाहेरच्या बाजूला करून.

गेटवर आमचे सुभेदार आबा. माण तालुक्यातले, मिलिटरीतनं रिटायर. रविवारी टेस्टिंगला गर्दी झाली की पाहुण्यांना ग्लास कसा धरायचा हे तेच शिकवतात. "दांडीला धरा, साहेब! वर धरलं की हाताची गरमी लागतीय." माणसं चुपचाप धरतात.

एकदा पुण्याच्या एका साहेबांनी ग्लास एका दमात रिकामा केला. आबांनी दुसरा भरला, पण तो हातातून सोडेनात.

"साहेब, छाटणीपास्नं तोडणीपतूर पाच महिनं राबलोय आमी हिच्यासाठी. तुमी निदान पाच मिनिटं द्या की!"

साहेबांनी मोबाइलवर टायमर लावला!

फलटणचे एक ऊस बागायतदार आले होते. मी त्यांना ड्राय रेड दिली. पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा आवळला. "एवढी तुरट? अरं गड्या, साखर कमी पडली व्हय? मला फोन करायचा की, पोतं धाडलं असतं!"

मी समजावलं, ड्राय वाइन अशीच असते, तिच्यात गोडवा ठेवतच नाहीत. जाताना त्यांनी दोन बाटल्या घेतल्या.

"आवडली नव्हती ना?" मी विचारलं.

"जावयाला नेतोय. त्यो बी असाच हाय."

शब्बीरभाई आमचे फिटर, मिरजेचे. पंप, पाइप, टाक्या सगळं त्यांच्याकडं. एका सकाळी हातात पाना घेऊन चाललेले पाच नंबरच्या टाकीपाशी थबकले. "हिला अंड्याचा वास येतोय."

मी एमएस्सी! रीडिंग बघितलं, नमुना काढून हुंगला. काही नाही. "भाई, भास झाला तुम्हाला." पण ते तिथनं हलेनात. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी टाकीतला रस पंपानं हवेवर फिरवून घेतला आणि रस आंबवणाऱ्या यीस्टला खाद्य दिलं. रस फिरायला लागला तसा तो वास मलाही आला! अजून दोन दिवस गेले असते तर अख्खी टाकी हातची गेली असती.

संध्याकाळी मी विचारलं, "भाई, वाइनचं एवढं कधी शिकलात?"

"वाइन? आजवर एक थेंब घेतला न्हाई. मी गॅसची गळती हुडकत होतो!"

आणि शांताकाकू. तोडणीच्या बायकांच्या टोळीच्या म्होरक्या. एका साली तोडणी तोंडावर आली आणि आभाळ भरून आलं. मी द्राक्षातली साखर मोजली, बरोबर होती. मालक दादा म्हणाले, "उद्या तोडायचं." पाऊस झाला असता तर सगळा माल कुजला असता.

सकाळी काकूंनी चार मणी तोंडात टाकले, बी दातानं फोडली आणि तळहातावर थुंकून मला दाखवली. "बी हिरवी हाय अजून, माल कच्चा हाय. चार दिस थांबा."

"काकू, आभाळ बघा की!"

"बघितलं. म्या न्हाई कात्री लावणार." त्या बांधावर बसल्या. त्यांच्यामागं अख्खी टोळी बसली.

दादांनी एकदा वर बघितलं, एकदा बांधाकडं. मग म्हणाले, "थांबू."

चार दिवस कुणाला धड जेवण गेलं नाही. पण पाऊस आला नाही. पाचव्या दिवशी काकूंनी पुन्हा बी फोडली. तपकिरी निघाली, कुरकुरीत. दुपारपर्यंत बाग मोकळी झाली.

त्याच वाइनला पदक मिळालं. ती चाखायला मुंबईहून जाणकार मंडळी आली, एकानं पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "ही वाइन केली कुणी?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी काकूंकडं बोट केलं.

काकूंनी पदर सावरला. "म्या न्हाई बा. म्या फकस्त थांबा म्हणलं."