मारोतराव धकाते यांचा कापलेला ताणा

दिनांक ९ एप्रिल १९८९ रोजी नागपूरच्या आमच्या प्रगत गणन संस्थेने आपली रौप्यमहोत्सवी स्मरणिका प्रसिद्ध केली. 'विदर्भा' ही संगणक-प्रणाली संस्थेने स्वबळावर घडवली, असे तिच्यात म्हटले आहे. आणि मारोतराव दादाजी धकाते यांचा उल्लेख 'यंत्रकक्षातील एक सहायक' एवढाच आहे. ही दोन्ही विधाने असत्य आहेत. मी, प्रेमलता खेडीकर, त्याच संस्थेत गणित शिकवते. माझी हरकत संस्थेने स्वीकारली नाही, म्हणून ती येथे नोंदवत आहे.

मारोतराव नागपूरच्या तांडापेठेतले, जातीने कोष्टी, म्हणजे विणकर. वडील दादाजी लुगडी विणत आणि इतवारी बाजारातल्या दुकानदाराला देत. दुकानदार त्यांवर आपली छाप मारून विकी. पुढच्या खोलीत माग होता आणि उरलेल्या जागेत घर. एक ठाण संपत आले की दादाजी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, मुळापासून कधी काढत नसत. जुन्या धाग्यांची टोके फणीत तशीच राखायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पीळ देऊन सांधायचा, ही कोष्ट्यांची रीत. टोके कापली, तर प्रत्येक धागा नव्याने फणीतून ओवावा लागतो. हे सांधायचे काम मारोतरावांनी लहानपणी भरपूर केले होते. पुढे ते विज्ञानाचे पदवीधर झाले, यंत्रकक्षात ऑपरेटर म्हणून लागले आणि प्रोग्रॅम लिहायला शिकले. पण हाताची ती सवय गेली नाही.

१९८४ साली संस्थेत नवा संगणक आला. संगणकाला टर्मिनल, म्हणजे काम करणाऱ्यापुढचा पडदा आणि कळफलक, ओळखायला, कागद छापायला, एका वेळी चौघांचे काम सांभाळायला लावणारा जो मूळ प्रोग्रॅमसंच असतो, त्याला प्रणाली म्हणतात. आमची प्रणाली पाच-सहा शहरांतल्या संस्थांची सामाईक होती. ज्याने दोष शोधला किंवा नवी सोय केली, त्याने ती टेपवर घालून जबलपूरच्या केंद्राकडे पाठवायची. केंद्राने तपासून वर्षाकाठी सर्वांना नवी टेप द्यायची. या व्यवस्थेत कोणाचे नाव ठळक होत नसे. काम मात्र वाया जात नसे.

या प्रणालीला मराठी-हिंदी येत नव्हते. मारोतरावांनी दोन वर्षे खपून तिला देवनागरी शिकवली. टर्मिनलवर जोडाक्षर उमटू लागले, प्रिंटर वेलांट्या जागेवर देऊ लागला. त्यांनी प्रत्येक भाग असा लिहिला होता की केंद्राची पुढची टेप आली तरी तो तिला बिनबोभाट जोडता यावा. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "टोकं सोडून ठेवली आहेत, मॅडम. पुढच्याले सांधाले सोपं जाते."

नोव्हेंबर १९८६ मध्ये आम्ही कार्यशाळा घेतली. इंदूर, रायपूर, अकोला येथून मंडळी आली. रायपूरचे ताराचंद वर्मा यांना शाळांचे निकाल हिंदीत छापायचे होते. ते तर मारोतरावांच्या शेजारून हलत नव्हते. मारोतरावांनी सर्व प्रोग्रॅमची छापील प्रत प्रत्येकाला दिली आणि सर्वांसमक्ष शब्द दिला की पुढच्या सामाईक टेपमध्ये देवनागरी येईल, तोवर कोणी वेगळे काही लिहीत बसू नये. त्या शब्दावर लोक परत गेले.

त्यानंतर संचालक डॉ. गोपाळराव देशकर यांनी मारोतरावांना आणि मला बोलावले. फेब्रुवारीत विज्ञान प्रदर्शन होते आणि त्यांना संस्थेची स्वतंत्र प्रणाली हवी होती. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असे मी म्हणणार नाही. केंद्र सावकाश चालते, आपल्या गरजा त्यांना कळत नाहीत, स्वतःची प्रणाली असली तर कोणाची वाट पाहावी लागत नाही, असे ते म्हणाले. मारोतरावांनी उत्तर दिले की वेगळी प्रणाली काढणे अवघड नाही. पण उद्या पाच शहरांनी काढलेल्या दुरुस्त्या आपल्याला एकट्याने कराव्या लागतील.

देशकर हसले. "धकाते, तुम्ही कोष्टी मंडळी जुन्या धाग्याला फार जपता हो."

"जपतो सर. नाही तर सारा ताणा पुन्हा भरत बसा लागते."

अखेर तोड निघाली. मूळ काम आधी टेपवर घालून जबलपूरला पाठवायचे आणि मगच येथील प्रतीचे नाव 'विदर्भा' करायचे. मारोतरावांनी टेप भरून संचालकांच्या हाती दिली. आठवड्याभराने देशकर स्वतः यंत्रकक्षात आले. मी तेथे होते. टेप रवाना झाली, आता कामाला लागा, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यावर शंका घेण्याचे आम्हाला कारण नव्हते.

संगणकाच्या डिस्कवर दोन प्रती मावत नव्हत्या. टेप गेली आहे या भरवशावर मारोतरावांनी मूळ प्रतीवरच हात चालवला. सामाईक प्रणालीचे नाव जेथे जेथे होते तेथून पुसले आणि प्रत्येक भागाला नवे नाव दिले. पुढे प्रदर्शनासाठी इतरांनी काही भाग छाटले, काही एकत्र केले. प्रदर्शनात 'विदर्भा' नावाची पाटी लागली, देशकरांना हार पडले. मारोतराव प्रिंटरमध्ये कागद भरत मागे उभे होते.

दिवाळीच्या सुमारास सामाईक प्रणालीची नवी टेप आली. तिच्यात देवनागरी नव्हती. इतर शहरांनी केलेल्या कितीतरी दुरुस्त्या होत्या. पण त्या ज्या नावांच्या भागांना जोडायच्या, ती नावेच आमच्याकडे उरली नव्हती. मारोतरावांनी जबलपूरला ट्रंक कॉल लावला. नागपूरहून काहीही आलेले नाही, असे तिकडून सांगण्यात आले. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "आता काहीच जुळत नाही जी, मॅडम."

आम्ही दोघे संचालकांकडे गेलो. मारोतरावांनी एकच विचारले, "सर, टेप पाठवली नव्हती, तर पाठवली असं काहून सांगितलं?"

देशकरांनी चष्मा काढून पुसला. "पाठवणारच होतो. पण तेच काम जबलपूरच्या नावाने गावोगाव पोचलं असतं, तर आपल्या 'विदर्भा'ला कोणी विचारलं असतं? व्यवहार पाहावा लागतो, धकाते."

"मग ती टेप द्या. मी आज पाठवतो."

"ती प्रदर्शनासाठी वापरली. कोऱ्या टेपा कमी पडल्या होत्या."

मूळ काम त्या टेपवरून पुसले गेले होते. डिस्कवरून ते मारोतरावांनी स्वतःच्या हाताने पुसले होते, आणि ते ज्यांच्या शब्दावर पुसले ते समोर चष्मा पुसत बसले होते. मारोतराव यंत्रकक्षात परतले. नावे उलट बदलून पाहण्यात त्यांनी पुढचे काही महिने घालवले. पण छाटाछाटीनंतर कोणता तुकडा कुठला, हे ठरवता येईना.

त्या उन्हाळ्यात ताराचंद वर्मा एका लग्नासाठी नागपुरात, जरीपटका भागात आले होते. ते संस्थेत डोकावले आणि दारातूनच म्हणाले, "क्यों धकातेजी, आप नागपूरवाले अपना माल दबाकर बैठ गये?" मारोतरावांनी त्यांना बसवले, चहा मागवला, आणि संचालकांविरुद्ध एक शब्दही काढला नाही. वर्मांनी वाट पाहून रायपूरची वेगळी देवनागरी लिहून घेतली होती. इंदूरनेही तेच केले होते. आज त्या दोन्ही शहरांत देवनागरी आहे आणि एकाची अक्षरे दुसऱ्याच्या यंत्रावर नुसते काळे ठिपके होऊन उमटतात. वर्मा गेल्यावर मारोतराव मला म्हणाले, "त्याले वाटते, मी खोटा बोललो."

'विदर्भा' गेल्या वर्षी नवी टर्मिनले आली तेव्हा बंद पडली. सामाईक प्रणालीत त्यांची सोय तयार होती. आम्हाला ती जोडता आली नाही. मारोतरावांची बदली परीक्षा विभागात झाली आहे. स्मरणिकेत मात्र 'विदर्भा' चालूच आहे.

ते घरी बसून देवनागरीचे काम आठवून आठवून पुन्हा लिहीत आहेत, सामाईक प्रणालीसाठीच. जबलपूरचे केंद्र आजही ते स्वीकारायला तयार आहे. पण जोडाक्षरांचा भाग त्यांना पूर्ण आठवत नाही. स्वतःजवळच्या छापील प्रती त्यांनी कार्यशाळेतच वाटून टाकल्या होत्या, आणि वर्मांना विचारले तर त्यांची प्रत उरलेली नाही. माझी प्रत संस्थेने प्रदर्शनाच्या वेळीच अभिलेखासाठी मागून घेतली आणि आता ती सापडत नाही म्हणते.

म्हणून वाचकांकडे माझी मागणी आहे. नोव्हेंबर १९८६ च्या कार्यशाळेला तुम्ही आला असाल, तर ती छापील प्रत तुम्हालाही मिळाली होती. आपले कपाट, माळा, रद्दीचा गठ्ठा पाहा. प्रत अर्धी असली, फाटकी असली तरी चालेल. ती मारोतराव धकाते, तांडापेठ, नागपूर या पत्त्यावर पाठवा. संस्थेकडे पाठवू नका.