पनासच्या आईचे पाय

माझा धाकटा भाऊ नेल सुतारकाम करायचा. युक्रेनमधल्या मोलोच्ना नदीकाठच्या आमच्या जर्मनभाषी मेनोनाइट ख्रिस्त्यांच्या गावात त्याच्याइतका मऊ माणूस नव्हता. कोंबडी कापायची तरी मला हाक मारायचा. पण रशियन क्रांतीनंतरच्या यादवीच्या दिवसांत लुटारूंनी शेजारचं गाव कापून काढलं, आणि आमच्या ज्या लोकांनी चारशे वर्षं धर्म म्हणून शस्त्राला हात लावला नव्हता, त्यांच्या पोरांनी बंदुका उचलल्या. नेलनेही उचलली. मी कडाकडा भांडले, पण ऐकतोय कोण?

एका धुक्याच्या पहाटे नेल पहाऱ्यावर होता; तुतीच्या कुंपणात काहीतरी हललं आणि याने गोळी झाडली. पडला तो पनास, आमचा जुना युक्रेनी गडी. लुटारू येताहेत, हे सांगायला बिचारा पळत आला होता.

तेव्हापासून नेल कुंपणाकडे कान लावून बसायचा. "अक्का, तो हाक मारतोय," म्हणायचा. मला काही ऐकू यायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. त्या बाजूची खिडकी मी बंदच ठेवायला लागले.

आमच्यात प्रभुभोजनानंतर एकमेकांचे पाय धुतात. नेल दाराशीच बसायचा; ना भाकर घ्यायचा, ना पाय पुढे करायचा. चर्चचे वडीलधारे म्हणाले, सगळ्यांपुढे उभा राहा, चुकलो म्हण, संपलं. संपलं म्हणे! त्यांचेही मुलगे बंदुका घेऊन फिरत होतेच की. नेल म्हणाला, "तुमचं मी काय बिघडवलंय? ज्या घरचं बिघडवलं, तिथे जातो."

घंगाळ घेऊन आम्ही पनासच्या आईकडे गेलो. होर्पिना म्हातारीने हाकललं नाही. बाकावर बसली, पाय पाण्यात सोडले. नेल खाली बसून धुऊ लागला. मग तिने विचारलं, "मरताना काही बोलला का रे तो?"

मी मागून नेलचा खांदा दाबला. नाही म्हण, मेल्या, एकदाच खोटं बोल. पण आमच्यात हो ते हो आणि नाही ते नाही.

"मरताना नाही. आधी बोलला. 'नेल, मी आहे रे,' म्हणाला. आवाज मी ओळखला, मावशी. तरी बोट थांबलं नाही."

मला वाटलं, आता म्हातारी घंगाळ याच्या डोक्यात घालते. घातलं असतं तर बरं झालं असतं.

"कसा म्हणाला? त्याच्यासारखं म्हणून दाखव."

नेलने म्हटलं. हुबेहूब पनास.

तिने डोळे मिटून घेतले. "पुन्हा म्हण," म्हणाली.