चावी कुणाकडे?

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. शिक्षक म्हणून मला मतदार पडताळणीची ड्युटी लागली होती, तेव्हा कागदांवर एका घरासमोर मी तीन भेटींच्या तीन तारखा लिहिल्या. गेलो होतो एकदाच, तेही जिन्याच्या पायथ्यापर्यंत. वर दाराला कुलूप दिसलं. शेरा मारला, 'कायम स्थलांतरित', आणि पुढे निघालो. त्या घरात दोन मतदार होते.

कुलूप म्हणजे घरात कुणी नाही, असं बाकी जगात असेल. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्लीत वाढलेल्या माणसाला असं वाटूच शकत नाही. आणि मी त्याच गल्लीत वाढलो.

माझे वडील रातपाळी करायचे. सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांतसुद्धा रुई असायची. आई त्यांना चहा-भाकरी द्यायची, खिडकीवर ओलं पोतं टाकायची आणि मला बाहेर काढून दाराला बाहेरून कुलूप घालायची. वडील आत झोपलेले. नुसतं दार लोटलं तर कुणीही आत शिरतं, आतून कडी घातली तर लोक वाजवत राहतात. कुलूप पाहिलं की कुणी हात लावत नाही. आज विचार केला की अंगावर काटा येतो, आग लागली असती तर? पण तेव्हा अर्धी गल्ली दिवसा अशीच बंद असायची आणि आत माणसं गाढ झोपलेली असायची. खालच्या लूमचा खडखडाट त्यांना ऐकूही यायचा नाही. लाइट गेली, लूम थांबले, की त्या शांततेनं मात्र सगळे एकदम जागे व्हायचे.

चाव्या असायच्या चाचींकडे. शेजारच्या खोलीतल्या चाची, सगळ्या गल्लीच्याच चाची. पाच-सहा चाव्या एका नाडीत ओवून गळ्यात. पोस्टमन असो, मीटर बघणारा असो, खालून आरोळी द्यायचा, "चावी कुणाकडे?" चाची म्हणाल्या "मेरे पास", म्हणजे माणूस आत झोपलाय. "नहीं मालूम" म्हणाल्या, म्हणजे बिऱ्हाड गेलं. एवढा साधा प्रश्न. आठ वर्षांच्या पोरालाही विचारता यायचा.

मला तो पन्नाशीत विचारता आला नाही.

ते घर माझ्या मित्राचं होतं. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. मग तो लूमवर लागला, मी शिकत राहिलो आणि शिक्षक झालो. तो आता लूमचा फिटर आहे, अजून रातपाळी करतो. वहिनी दिवसा गोदामात पॅकिंगला जातात. जाताना त्याला आत झोपवून कुलूप घालतात, चावी चाचींकडे देतात. चाळीस वर्षांत काही बदललेलं नाही. बदललो मी. कोन गावाच्या बाजूला फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला शाळेतले सगळे बोलावले आणि त्या दोघांना बोलावलं नाही. विसरलो, असं स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो. साहेब लोकांसमोर तो माझ्या चष्म्यावरून "अरे ढापण्या" म्हणून हाक मारील, याची मला लाज वाटली होती.

म्हणून त्या दुपारी, पडताळणीचे कागद काखेत घेऊन गल्लीत शिरलो, तेव्हा वर कुलूप दिसल्यावर मला बरं वाटलं. खरं तेच लिहितो आहे. लोखंडी जिना उभा होता, गुडघा दुखत होता, शाळेचे पेपर तपासायचे होते, ही सगळी कारणं नंतर सुचली. चाची खाली ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. नाडी गळ्यात होती.

"मास्टर, बहोत दिन बाद! पानी पियोगे?"

"नहीं चाची, ड्युटीवर आहे," म्हणालो आणि सटकलो.

नियम असा होता की घर बंद असेल तर तीनदा जायचं, शेजारी चौकशी करायची, मग नोटीस द्यायची, तरीही कुणी आलं नाही तरच नाव काढायचं. नोटीस मी कागदोपत्री दिली. प्रत्यक्षात ती माझ्या पिशवीच्या तळाशी राहिली.

बऱ्याच वर्षांनी पालिकेची निवडणूक लागली. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. नळाला पाणी का येत नाही हे विचारायचं कुणाला, हेच लोकांना कळत नव्हतं. आमच्या गल्लीत ते वहिनी विचारायच्या. गोदामातून सुटल्या की वीस बायका घेऊन कचेरीत जायच्या आणि पाणी आणल्याशिवाय उठायच्या नाहीत. सोडतीत प्रभागातल्या दोन जागा बायकांसाठी निघाल्या, आणि गल्लीनं ठरवलं, वहिनींनीच उभं राहायचं.

नवरा-बायको माझ्या फ्लॅटवर आले. पहिल्यांदाच. अर्जासाठी मतदार यादीतला क्रमांक लागतो, सूचक-अनुमोदक लागतात, शपथपत्र लागतं. हे सगळं मला येतं म्हणून. मित्रानं हॉलभर नजर फिरवली.

"ढापण्या, फरशी लय गुळगुळीत केलीस. माणूस घसरून पडंल."

"तुमी गप बसा," वहिनी म्हणाल्या. त्या अंबाडी नाक्याच्या पलीकडच्या खेड्यातल्या. बोलण्यात अजून तेच वळण. "भावजी, माझा नंबर काढा आधी. निशाणी काय मिळंल, त्याचं मना टेन्शन हाय."

मी मोबाइलवर प्रभागाची यादी उघडली. घरनंबर आला. चाचींचं नाव आलं. त्यानंतर थेट पुढचं घर.

मला शोधायचं काही उरलं नव्हतं. तरी मी पाच मिनिटं यादी वर-खाली करत राहिलो.

"न्हाय का?" वहिनी म्हणाल्या. "नीट बघा भावजी. गेल्या टायमाला मी मत टाकलंय. ह्यांच्याआधी टाकलंय."

"दोघांचीही नाहीत. वरूनच गेली असतील. कॉम्प्युटरची चूक."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निवडणूक कचेरीत गेलो. टेबलामागचा माणूस चांगला होता, त्यानं शांतपणे समजावलं. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून होते. ठरलेल्या तारखेला तिथे जी नावं असतील, तीच इथे. आता अर्ज केला तर नाव पुढच्या वेळेसाठी लागेल, या निवडणुकीत नाही. आणि शहराच्या यादीत नाव नसेल त्याला उभं राहता येत नाही.

"पण मी हितं उभी हाय ना तुमच्यासमोर," वहिनी म्हणाल्या.

त्या माणसानं नियमाचं पान आमच्यापुढे सरकवलं. मी ते वाचल्यासारखं केलं.

येताना मित्र म्हणाला, "जाऊ दे. निवडून आली असती तर मला कुलूप कुणी घातलं असतं?" वहिनी हसल्या नाहीत.

मतदानाच्या दिवशी आमच्याच गल्लीच्या केंद्रावर मला बसवलं होतं. यादीत नाव शोधून द्यायचं काम. केंद्रापासून शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ होती. वहिनींनी गोदामातून सुट्टी घेतली होती. ठेवणीतली साडी नेसून त्या दिवसभर रेघेबाहेरच होत्या. मत नाही, उमेदवारी नाही, तरी आल्या होत्या. बायकांना खोल्यांतून काढून रेघेपर्यंत आणायच्या, परत जाऊन पुढचीला आणायच्या. गळ्यात चाचींची नाडी; ज्या बायका मत टाकायला येत, त्या आपल्या झोपलेल्या माणसाची चावी वहिनींकडे देऊन येत.

चाचींना त्यांनी हात धरून आणलं आणि रेघेपाशी सोडलं. चाची माझ्या टेबलाशी आल्या, शाई लागायच्या आधीच बोट पुढे करून उभ्या.

"मास्टर, वो अंदर क्यूँ नहीं आती?"

"यादीत नाव नाही, चाची."

"किसने काटा?"

मी त्यांचा क्रमांक शोधून चिठ्ठी हातात दिली. म्हणालो, "पुढे चला, रांग आहे."

आता नवे नगरसेवक बसले आहेत, महापौर झाले आहेत. गल्लीत पाणी पूर्वीइतकंच येतं, आणि वहिनी पूर्वीसारख्याच वीस बायका घेऊन जातात. जे त्यांनी आत नगरसेवकाच्या खुर्चीवर बसून विचारलं असतं, ते बाहेर उभं राहून विचारतात. दोघांचे नवे अर्ज मी स्वतः भरून दिले, नावं लागलीही. त्याबद्दल वहिनींनी मला नाचणीचे लाडू पाठवले. डबा अजून माझ्याकडेच आहे. परत द्यायला जायचं म्हणजे जिना चढायला हवा.

पिशवीतली ती नोटीस मी फाडलेली नाही. वर दोघांची नावं आहेत, खाली माझी सही.

त्या दाराच्या दोन फेऱ्या माझ्याकडे बाकी आहेत. चाचींकडे चावी मागायची आहे, मित्र जागा होईपर्यंत आणि वहिनी कामावरून येईपर्यंत ओट्यावर बसायचं आहे, आणि दोघांना सांगायचं आहे की नावं मी काटली. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.