करीचे चार हिस्से

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्यासह गल्लीतली चार घरे दुकानातून मटण आणत नसत. सानगडी गावाजवळच्या एका शेतकऱ्याकडे जंगलकाठी चरलेला बोकड महिनाभर आधी सांगून ठेवत. सकाळी चौघे तिथे जात. मटणाचे चार हिस्से पळसाच्या पानांवर पडत. प्रत्येकात कलेजी, चरबी, हाड सारखे. मग आमचे शेजारी, निवृत्त गुरुजी, पाठ करून उभे राहत. शेतकरी एका हिश्शावर बोट ठेवून विचारी, "हा कोनाचा?" गुरुजी न पाहता एका घराचे नाव घेत. तक्रारीला जागा उरत नसे.

गेल्या वर्षी आम्ही मोठा फ्रीजर घेतला. मी शेतकऱ्याला फोन करून अख्खा बोकड मागितला.

"अन् बाकीचे, भाऊ?"

"त्यांना मी सांगतो."

सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करता करता पोळा झाला. करीला मी लवकर एकटाच गेलो. पिशव्या गाडीत ठेवत असताना तिघे डबे घेऊन पोहोचले.

"हिस्से पाडले पन का?" गुरुजी हसत म्हणाले. "मंग पाठ कोनं केली?"

"भाऊनं पुराच घेतला," शेतकरी म्हणाला. "मले वाटलं, तुमाले मालूम आहे."

"पुरा? इतकं खाते कोन?"

"फ्रीजर खाते, गुरुजी," दुसरा शेजारी म्हणाला.

मी पिशव्या खाली काढल्या. आताच चार हिस्से करू, म्हणालो. गुरुजींनी डब्याचे झाकण लावले.

"राहू द्या जी. पिशवीतून काढून दिलं तं हिस्सा नाही होत. ते देनं होते."

तिघे तसेच परत गेले. ते मटण आम्हाला दिवाळीनंतरही पुरले. शेवटी शेवटी त्याला चव नव्हती.

यंदा पोळ्याच्या महिनाभर आधी मी तिन्ही घरी जाऊन चूक कबूल केली. कोणी टाकून बोलले नाही. गुरुजींकडे चहाही झाला.

"राग नाही जी," ते म्हणाले. "पन यंदा हिश्शात आमी कोपऱ्यावरचं घर घेतलं संगं. चार झाले."

पाच हिस्से करता येतील, असे मी सुचवले. गुरुजींनी कप खाली ठेवला.

"बोकड तं तेवढाच रायते ना, भाऊ."